मूळ संख्या 'मूळ' कशामुळे होते?

निळी_शाई

मूळ संख्येची व्याख्या सगळ्यांनाच पाठ असते. १ आणि ती संख्या स्वतः, यांखेरीज जिला कशानेही पूर्ण भाग जात नाही ती मूळ. माझी तक्रार अशी की ही व्याख्या सगळी नकारावर उभी आहे. २ ने जात नाही, ३ ने जात नाही, ५ ने जात नाही, आता कोणी उरलं नाही, म्हणून हिला मूळ म्हणा! सम संख्येत काहीतरी असतं, तिचे दोन सारखे वाटे पडतात. वर्गसंख्येतही काहीतरी असतं. तसं मूळ संख्येत काय असतं? ९१ आणि ९७ शेजारी शेजारी ठेवल्या तर दोन्ही सारख्याच साळसूद दिसतात. पण ९१ म्हणजे ७ × १३ आणि ९७ मात्र मूळ. हा फरक संख्येत नेमका कुठे राहतो?

दुसरं म्हणजे १ चं काय? तिला १ ने भाग जातो आणि स्वतःनेही जातो. मग तिला यादीतून का काढलं? 'तसं ठरलंय' हे उत्तर मला माहीत आहे, त्याच्या मागचं हवंय.

हातचा_एक

व्याख्या नीट घ्या म्हणजे दोन्ही प्रश्न मिटतील. जिला नेमके दोन विभाजक ती मूळ, दोनापेक्षा जास्त ती संयुक्त. १ ला विभाजक एकच, म्हणून ती इकडेही नाही आणि तिकडेही नाही. यात नकार कुठे आला? विभाजक मोजायचे, दोन भरले की झालं. काथ्याकूट करण्यासारखं यात काही दिसत नाही, पण लोक करतील, म्हणून वाचतोय.

तिरकी_रेघ

निळी_शाई, ठिपके मांडून बघा. १२ ठिपक्यांचा आयत करायचा तर ३ ओळी × ४, २ ओळी × ६ असे पर्याय आहेत. ७ ठिपके कसेही हलवा, एका सरळ रांगेपलीकडे त्यांचा आयत होत नाही. ९१ चा होतो, ७ ओळींत १३-१३. ९७ चा होत नाही. फरक 'राहतो' तो इथे.

आणि शोधायला किती खटपट लागते तेही यातूनच कळतं. आयताची एक बाजू लांब असेल तर दुसरी आखूड असणारच. दोन्ही बाजू वर्गमूळापेक्षा मोठ्या असूच शकत नाहीत, नाहीतर गुणाकार दिलेल्या आकड्याच्या पुढे जाईल. म्हणून ९७ साठी १० च्या आत थांबायचं आणि त्यातही फक्त २, ३, ५, ७ तपासायचे. चार भागाकार, विषय संपला. ४ ने भाग द्यायची गरज नाही कारण २ आधीच नापास झालेला असतो. २२१ बघितली की बहुतेकांना ती मूळ वाटते. वर्गमूळ १५ च्या आत आहे, तेव्हा २, ३, ५, ७, ११, १३ इतकेच तपासायचे, आणि शेवटच्या १३ ला ती सापडते: १३ × १७. शेवटच्या पायरीवर फसवणाऱ्या अशा संख्या परीक्षक मुद्दाम निवडतात असा मला दाट संशय आहे.

पूर्णविराम

एवढं कशाला? २ आणि ३ सोडल्या तर प्रत्येक मूळ संख्या ६ च्या पाढ्याच्या एक मागे किंवा एक पुढे असते. ५, ७, ११, १३, १७, १९, २३... हाच तो गुण. निळी_शाई यांना जे 'असतं' हवंय ते हेच.

उलटतपासणी

२५ पण २४ च्या एक पुढेच आहे. ३५ ही ३६ च्या एक मागे. ४९, ५५, ६५, ७७, आणि वर चर्चेत आलेली ९१ सुद्धा! तुमचा नियम फक्त इतकंच सांगतो की जिला २ आणि ३ ने भाग जात नाही, तिला २ आणि ३ ने भाग जात नाही. म्हणजे पुन्हा नकारच, वेष बदलून आलेला.

शेवटच्या अंकावरून ओळखणारे लोक अजून आले नाहीत, ते येण्याआधीच सांगून ठेवतो. शेवटी ५ आला की ५ ने भाग जातो, हा आपल्या दशमान लिखाणाचा गुण आहे, संख्येचा नव्हे. १७ ला द्विमान पद्धतीत १०००१ लिहितात. अंक बदलले, तिचं मूळ असणं बदललं नाही. ठिपके कोणत्या लिपीत मोजलेत हे ठिपक्यांना कळत नाही.

खरं सांगायचं तर नकाराला नावं ठेवण्याचं कारण मला दिसत नाही. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातल्या इरॅटोस्थेनिसची चाळणी निव्वळ नकारावरच चालते. २ ठेवा, तिच्या पटीतल्या सगळ्या खोडा. पुढची न खोडलेली ३, ती ठेवा, तिच्या पटी खोडा. मग ५, मग ७. १०० पर्यंत एवढ्यात काम संपतं आणि २५ संख्या उरतात. हजारापर्यंत १६८, दहा हजारांपर्यंत १२२९. मूळ संख्या म्हणजे चाळणीत उरलेला माल. त्यांच्यात काही खास 'असायलाच' पाहिजे हा हट्ट का?

निळी_शाई

हट्ट यासाठी की उरलेला माल इतका कामाचा कसा? प्रत्येक संख्या मूळ संख्यांच्या गुणाकारातून तयार होते असं आपण शिकतो. केवळ खोडायच्या राहून गेल्या म्हणून शिल्लक असलेल्या संख्यांवर सगळं अंकगणित उभं राहील?

चांदणभूल

आता प्रश्न मुद्द्यावर आला. जरा लांब लिहिते, चालवून घ्या.

आधी १ चं. १ ला मूळ न मानणं अनादी काळापासून चालत आलेलं नाही. गोल्डबाखने १७४२ मध्ये ऑयलरला जे प्रसिद्ध पत्र लिहिलं त्यात तो १ ला मूळ धरूनच बोलतो. डी. एन. लेमरने १९१४ मध्ये एक कोटीच्या थोडं पुढपर्यंतच्या मूळ संख्यांची जी जाडजूड यादी छापली तिची सुरुवातही १ पासून आहे. म्हणजे 'नेमके दोन विभाजक' ही हातचा_एक यांची व्याख्या मागाहून शिवलेला अंगरखा आहे. १ बाहेर राहावी म्हणून ती तशी बेतली. कारण खालीलप्रमाणे.

१२ = २ × २ × ३. क्रम सोडला तर १२ चे मूळ अवयव पाडण्याची ही एकच रीत आहे. कोणीही पाडा, कुठूनही सुरुवात करा, दोन २ आणि एक ३ हाती येणार. १ ला मूळ म्हटलं की १ × २ × २ × ३, १ × १ × २ × २ × ३ अशा अगणित रीती होतात आणि 'एकच रीत' हे वाक्य मोडतं. ते वाक्य वाचवायला १ ला काढलं. सौदा स्वस्तात पडला.

आता 'एकच रीत' हे आपण शाळेपासून इतकं गृहीत धरतो की त्यात नवल वाटत नाही. पण ते आपोआप खरं नाही. एक वेगळं जग घेऊ, त्यात फक्त ४ ने भागल्यावर बाकी १ उरणाऱ्या संख्या: १, ५, ९, १३, १७, २१, २५... या जगातल्या दोन संख्यांचा गुणाकार याच जगात राहतो (५ × ९ = ४५, बाकी १), त्यामुळे गुणाकार-भागाकाराचा खेळ इथे नीट चालतो. इथे ९ ही मूळ आहे! ३ × ३ म्हणाल तर ३ या जगात नाहीच. २१ मूळ, कारण ३ आणि ७ दोघेही बाहेरचे. ४९ सुद्धा मूळ. सगळ्यांचे नेमके दोन विभाजक आहेत. आणि आता ४४१ बघा:

४४१ = २१ × २१
४४१ = ९ × ४९

दोन्हीकडे मूळ अवयवच आहेत, तरी दोन रीती अगदी वेगळ्या. एका बाजूचा एकही अवयव दुसऱ्या बाजूला नाही. हे उदाहरण डेव्हिड हिल्बर्टच्या नावाने ओळखलं जातं.

म्हणजे 'भाग जात नाही' एवढ्या नकाराने काम होत नाही हे दिसलंच. ९ इथे मूळ आहे, पण पाया होण्याच्या लायकीची नाही. तिच्यात काय कमी आहे? ९ ने २१ × २१ ला भाग जातो, पण २१ ला एकट्याला जात नाही. आपल्या नेहमीच्या जगात ६ ची हीच गत आहे. ४ × ९ = ३६ ला ६ ने भाग जातो, पण ४ लाही जात नाही आणि ९ लाही नाही. ६ ने अर्धा भाग इकडून उचलला, अर्धा तिकडून. ७ ला असं करता येत नाही. कोणत्याही गुणाकाराला ७ ने भाग गेला तर त्यातल्या निदान एका संख्येला ७ ने भाग जातोच. ७ कधी वाटून येत नाही, जिथे असते तिथे अख्खी असते.

निळी_शाई, तुम्हाला हवं असलेलं 'असणं' माझ्या मते हे आहे. युक्लिडच्या 'एलिमेंट्स'च्या सातव्या खंडात तिसावं विधान हेच आहे. अवयव पाडण्याची रीत एकच असते याची पहिली स्वच्छ, संपूर्ण सिद्धता मात्र गाउसच्या १८०१ च्या ग्रंथात मिळते. मधली दोन हजार वर्षं लोक ते बहुधा उघडच समजत असावेत.

पूर्णविराम

ताई, प्रतिसाद कसला, वेगळा धागाच आहे हा. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

हातचा_एक

माझा अंगरखा काढलात, हरकत नाही. पण मग तुम्ही दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव देताय. एक 'तुटत नाही' आणि दुसरी 'वाटून येत नाही'. तुमच्या त्या ४-बाकी-१ च्या जगात ९ पहिलीत बसते, दुसरीत नाही. आपल्या जगात दोन्ही एकत्र का नांदतात, याचं उत्तर तुमच्या लेखात नाही.

चांदणभूल

बरोबर जागी बोट ठेवलंत. उत्तर छोटं आहे. समजा प ही न तुटणारी संख्या आहे, अ × ब ला प ने भाग जातो आणि अ ला जात नाही. प आणि अ यांचा मसावि १ च असणार, कारण प ला १ आणि स्वतःशिवाय दुसरा विभाजकच नाही. मसावि १ असला की प च्या काही पटी आणि अ च्या काही पटी यांच्या बेरीज-वजाबाकीतून १ मिळवता येतो. उदाहरणार्थ ७ आणि ५: ३ × ५ − २ × ७ = १. आता या सबंध समीकरणाला ब ने गुणा. एका तुकड्यात प आहेच, दुसऱ्या तुकड्यात अ × ब आहे, त्यालाही प ने भाग जातो. दोन्ही तुकड्यांना जातो म्हणजे उजवीकडच्या ब ला जातोच. झालं.

लक्षात घ्या, यात बेरीज-वजाबाकी वापरली. त्या दुसऱ्या जगात ५ + ९ = १४ करायला गेलात तर जगाबाहेर पडता. तिथे गुणाकार आहे पण बेरीज नाही, म्हणून हा युक्तिवाद तिथे लंगडा पडतो. मूळ संख्या हा निव्वळ गुणाकाराचा विषय आहे असं वाटतं, पण तिला बळ मिळतं ते बेरजेकडून. मूळ संख्यांचे बहुतेक अवघड प्रश्न, जोडमूळ संख्या (११-१३ सारख्या, दोनाच्या अंतरावरच्या मूळ जोड्या) अनंत आहेत का वगैरे, याच सांध्यावर बसलेले आहेत.

तिरकी_रेघ

वा! याचंच दुसरं रूप घड्याळात दिसतं. ७ तासांचं घड्याळ घ्या, ७ म्हणजे पुन्हा ०. त्यात २ × ४ = ८ म्हणजे १. ३ × ५ = १५ म्हणजे १. ६ × ६ = ३६ म्हणजे १. शून्य सोडून प्रत्येक आकड्याला असा जोडीदार आहे की गुणाकार १ यावा. म्हणजे या घड्याळात अपूर्णांकांशिवाय भागाकार करता येतो. आता ६ तासांचं घड्याळ. २ × ३ = ६ म्हणजे ०! दोन धडधाकट आकडे गुणले आणि शून्य हाती आलं. २, ३, ४ यांना जोडीदार मिळतच नाहीत. ज्या घड्याळात सगळ्यांना जोडीदार, त्याचे तास मूळ. यात नकार औषधालाही नाही.

हाच जोडीदारांचा हिशेब लावला की विल्सनचं प्रमेय मिळतं. १ ते ६ चा गुणाकार ७२०. त्यात १ मिळवा, ७२१ = ७ × १०३. मूळ संख्येच्या आधीच्या सगळ्यांचा गुणाकार अधिक १ याला तिने भाग जातो, संयुक्त असेल तर कधीच जात नाही. ६ साठी: १२० + १ = १२१, नाही जात.

हातचा_एक

सुंदर आणि निरुपयोगी. शंभर अंकी संख्या तपासायला तिच्या आधीच्या सगळ्यांचा गुणाकार कोण करणार?

पूर्णविराम

मग फर्माचं प्रमेय घ्या की. २ चा घात मूळ संख्येइतका केला आणि २ वजा केले की त्या संख्येने भाग जातो. २ चा ७ वा घात १२८, वजा २, १२६ = ७ × १८. मोठे घात घड्याळात भराभर काढता येतात. या धाग्यावर निदान माझा एक तरी नियम टिकू द्या.

उलटतपासणी

टिकवला असता, पण ३४१ आडवी येते. २ चा १० वा घात १०२४, आणि १०२३ = ३ × ३४१. म्हणजे ३४१ तासांच्या घड्याळात २ चा १० वा घात १, म्हणून ३४० वा घातही १, म्हणजे ३४१ तुमची परीक्षा दिमाखात पास. आणि ३४१ = ११ × ३१. २ ऐवजी ३ घेतला तर ती पकडली जाते, पण ५६१ = ३ × ११ × १७ ही २ च्या जागी कोणताही आकडा घेतला तरी दाद देत नाही. अशा संख्यांना कार्मायकल संख्या म्हणतात आणि त्या अनंत आहेत हे १९९४ मध्ये सिद्ध झालं. मूळ असेल तर पास होणारच, पण पास झाली म्हणून मूळ नव्हे.

मूळ संख्याच पास होतील आणि संयुक्त एकही होणार नाही अशी खूण मेरुप्रस्तारात आहे. दहाव्या शतकात हलायुधाने पिंगलाच्या छंदःसूत्रांवरील टीकेत समजावलेला तो आकड्यांचा त्रिकोण, जो जगात पास्कलच्या नावाने चालतो. त्यातली ७ ची ओळ: १, ७, २१, ३५, ३५, २१, ७, १. कडेचे १ सोडले तर सगळ्यांना ७ ने भाग जातो. ६ ची ओळ: १, ६, १५, २०, १५, ६, १. पंधराला ६ ने जात नाही. ९ ची: ९, ३६, मग ८४, इथे अडकली. ओळीतल्या मधल्या सगळ्यांना भाग गेला तर मूळ, नाहीतर नाही.

ओळ लांबलचक असते, त्यामुळे हेही आहे तसं कामाचं नाही. पण ऑगस्ट २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी याच खुणेला असं आखडून घेतलं की पूर्ण ओळ न तपासता काम भागावं. त्यातून जी पद्धत निघाली ती कोणत्याही संख्येला चालते, नशिबावर अवलंबून नाही, कुठल्याही न सुटलेल्या तर्कावर टेकलेली नाही, आणि अंकांच्या संख्येच्या मानाने वाजवी वेळात संपते. या चारही गोष्टी एकत्र तोवर कोणालाच जमल्या नव्हत्या. रोजच्या वापरात आजही इतर जलद पद्धतीच चालतात, ते वेगळं.

निळी_शाई

म्हणजे ही पद्धत 'संयुक्त' म्हणाली तर अवयव कोणते तेही सांगते का?

उलटतपासणी

नाही, आणि मला सगळ्यात आवडणारी गंमत हीच आहे. २ चा ६७ वा घात वजा १ ही संख्या घ्या. १६४४ मध्ये मर्सेनने ती मूळ म्हणून यादीत घातली. १८७६ मध्ये लुकासने ती संयुक्त आहे हे दाखवलं, एकही अवयव न सांगता! अवयव आले १९०३ मध्ये. फ्रँक कोलने अमेरिकन गणितज्ञांच्या सभेत, असं सांगतात की एक शब्दही न बोलता, फळ्यावर गुणाकार मांडला: १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७. उत्तर १४७५७३९५२५८९६७६४१२९२७.

लुकासने पाया घातलेली आणि पुढे डी. एच. लेमरने घासूनपुसून दिलेली परीक्षा हाताने करून बघण्याजोगी आहे. (अवांतर: हा लेमर म्हणजे वर १ ला यादीत घेणाऱ्या लेमरचा मुलगा.) १२७ म्हणजे २ चा ७ वा घात वजा १. ४ पासून निघायचं, वर्ग करायचा, २ वजा करायचे, १२७ ने भागून बाकी ठेवायची: ४, १४, ६७, ४२, १११, ०. सातातून दोन वजा म्हणजे पाच पायऱ्यांनी शून्य आलं, म्हणून १२७ मूळ. ही परीक्षा फक्त असल्या रूपाच्या संख्यांना चालते. ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडलेली २ चा १३६२७९८४१ वा घात वजा १ हीसुद्धा याच रूपाची, चार कोटी दहा लाखांहून जास्त अंकांची.

हातचा_एक

एक शेवटची शंका, चांदणभूल यांना. जग बदललं की ९ मूळ होते हे पाहिलं. उलटंही होतं का? आपल्याकडची पक्की मूळ संख्या दुसरीकडे तुटते?

चांदणभूल

होतं. ज्याचा वर्ग −१ येतो तो काल्पनिक आकडा घ्या, त्याला 'क' म्हणू. आता पूर्णांकांत क च्या पटीही मिसळा. (२ + क) × (२ − क) = ४ − क² = ५. पाच तुटली! १३ = (३ + २क) × (३ − २क), तीही तुटली. ३, ७, ११, १९ मात्र तिथेही अभंग राहतात. खूण सोपी आहे. ४ ने भागून बाकी १ उरणाऱ्या मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येतात (५ = ४ + १, १३ = ९ + ४, २९ = २५ + ४), आणि बेरीज झाली की तोड तयार. बाकी ३ उरणाऱ्यांना ते कधीच जमत नाही. आणि या जगात बेरीज आहे, बाकी ठेवून भागाकारही आहे, म्हणून 'एकच रीत' इथे शाबूत राहते.

हातचा_एक

आणि २? ती ना बाकी १ ची, ना ३ ची.

चांदणभूल

२ = (१ + क) × (१ − क). तुटते, पण तिचे दोन तुकडे वेगळे नाहीतच. (१ + क) ला −क ने गुणलं की (१ − क) मिळतो, आणि −क ला तिथे तेवढीच किंमत जेवढी आपल्याकडे −१ ला. म्हणजे २ ही तिथे जवळजवळ एक वर्गसंख्या आहे. असं वागणारी मूळ संख्या त्या जगात ती एकटीच.